चिखलदऱ्याहून आल्यापासून ब्रेक किंचाळतात, सगळंच बदलायचं का?

गणिताच्या बाई

नमस्कार. गाडी वॅगन आर, २०१८ची, पेट्रोल, ६१ हजार किलोमीटर झालेली. चालवणारी मी एकटीच, माझंही वय ६१. म्हणजे एकसष्टी आम्ही दोघींनी बरोबरच गाठली.

जानेवारीत मैत्रिणींना घेऊन चिखलदऱ्याला गेले होते. आम्ही पाच जणी आणि डिकीत आठवडाभर पुरेल एवढा फराळ. येताना परतवाड्यापर्यंतचा सगळा घाट माझा पाय ब्रेकवरच होता, खोटं कशाला सांगू. खाली आल्यावर जळका वास आला. मागे बसलेली एक म्हणाली, कुणी धुरा पेटवला असेल. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

तेव्हापासून ब्रेक किंचाळतात. इथे नागपुरात शंकरनगरच्या सिग्नलला थांबते तेव्हा शेजारचे स्कूटरवाले वळून बघतात. ब्रेक लागतो मात्र व्यवस्थित. पेडल खोल जात नाही, गाडी एका बाजूला ओढतही नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यानं चाक न काढता एक चक्कर मारली आणि सांगितलं, पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, मागचे लायनर, सगळं बदला, ११,८०० रुपये. मी ३४ वर्षं गणित शिकवलं. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत, उत्तर बरोबर असलं तरी. इथे तर उत्तर बरोबर आहे की नाही तेही कळायला मार्ग नाही.

तर सांगा, हा आवाज कशाचा, हे घरच्या घरी किती कळू शकतं? आणि तोवर गाडी चालवावी का? आई काटोलला असते, आठवड्यातून एकदा जावंच लागतं.

तर्री_पोहे

काकू, टेन्शन नका घेऊ. माझ्या गाडीचं पण सेम झालं होतं. भावानं चाकाच्या फटीतून थोडं खोबरेल सोडलं, आवाज गायब. फुकटात काम.

हिंगणा_वर्कशॉप

अरे बाप्पा! तर्री भाऊ, हे वाचून मले घाम फुटला. आवाज गेला म्हणतोस, त्याच्यासंगं ब्रेकही अर्धा गेला असन, तुले पत्ता नाही. ब्रेक चालते घासण्यावर: चाकासंगं फिरते ती डिस्क, तिले दोन बाजूंनी दाबते ते पॅड. घासणंच बंद केलं तर थांबशीन कशानं? पॅडात तेल मुरते, धुऊन निघत नाही. त्या चाकाचे पॅड फेक, दुसऱ्या बाजूचेही संगंच बदल, अन् डिस्कही ब्रेक क्लीनरनं पुसून घे. आजच. उद्या नाही.

आता बाई, तुमचं. मी एसटीत ३१ वर्षं काढली, आधी डेपोत, मग हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. तिथं हवेचे ब्रेक अन् पाण्याच्या टाकीएवढे ड्रम, तुमची गाडी त्यापुढं खेळणं आहे. पण आवाज ऐकायची रीत तीच.

ड्रायव्हर येऊन म्हणायचा, ब्रेक वाजून राहिला. मी विचारायचो, कवा? सकाळी का दुपारी? हलका दाबल्यावर का जोरात? ब्रेक सोडला तर थांबते का? त्याले वाटे हा माणूस काम टाळून राहिला. पण अर्धं काम तिथंच होते जी. तुम्ही "आवाज" म्हणून राहिल्या, मले शंका आहे का तुमचे आवाज एकापेक्षा जास्त आहेत. आधी ते वेगळे करा.

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकले खरखर होऊन मग बंद होत असन, तर तो डिस्कवरचा गंज. डिस्क बिडाची असते, पाणी लागलं का रात्रीतून तांबूस पापुद्रा धरते. पॅड तो पुसून काढते. त्याच्यासाठी एक रुपया खर्च करू नका.

ब्रेक न दाबताच चाकाबरोबर बारीक शिट्टी वाजत असन, वेग वाढला का वाढत असन, तर वेगळी गोष्ट. बऱ्याच पॅडांले लोखंडाची एक छोटी जीभ असते. पॅडावरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरलं का ती डिस्कले टेकते अन् वाजते. ती मुद्दाम ठेवलेली घंटा आहे, तिच्यावर रागवू नका, पॅड बदला. अन् त्याच्याही पुढं जाऊन खर्र-खर्र असा दळल्यासारखा आवाज येत असन, तर पॅड संपला अन् लोखंडावर लोखंड घासून राहिलं. मग काटोल बिटोल काही नाही, गाडी उभी करायची.

कधी कधी नुसता खडा असते. डिस्क अन् तिच्यामागच्या पत्र्याच्या मधात गिट्टीचा तुकडा अडकला का असा कर्कश आवाज देते का वाटते चाकच निखळलं. एक साहेब वर्धा रोडवरून घाबरत घाबरत आले होते माझ्याकडं. स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरासा मागं ओढला, खडा टणकन खाली. ते पैसे देऊन राहिले होते, मी म्हटलं खडा तुमचाच आहे, घेऊन जा.

रिव्हर्स घेताना मागून कुईं येत असन तर तो ड्रम, मागच्या चाकातला डबा. त्याच्या आत शू, म्हणजे लायनर लावलेल्या कमानी, घासते अन् लायनरची भुकटी साचते. ड्रम उघडून साफ करायचा अन् शू जिथं मागच्या पत्र्यावर सरकते तिथं ग्रीसचा नखाएवढा ठिपका लावायचा. नखाएवढा म्हणजे नखाएवढाच. अन् भुकटी हवेच्या पाइपानं फुंकू देऊ नका. जुन्या लायनरात अॅसबेस्टॉस राहे, आम्ही रुमालही न बांधता फुंकायचो. आता आठवलं का छातीत धस्स होते.

तुमचा सिग्नलचा आवाज घाटात पॅड तापल्यानं आला असन असं वाटते, पण पाहिल्याशिवाय बोलणार नाही. एक काम करा. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा, शेवटचा तुकडा ब्रेक कमीत कमी लावत या, अन् उतरल्या उतरल्या चारही चाकांजवळ हात न्या. लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा, नाहीतर फोड येईन. पुढच्या दोन चाकांत एक जास्त गरम लागलं तर तिथं ब्रेक पुरा सुटून नाही राहिला.

आणि एक वही करा. बाई आहात, वही काही नवी नाही तुम्हाले.

गणिताच्या बाई

भाऊ, वही केली. आठ दिवसांचा हजेरीपटच म्हणा. रकाने असे: वार, वेळ, जागा, गाडी किती मिनिटं चालली, ब्रेक हलका की जोरात, पुढे की मागे.

तुमची शंका खरी निघाली. एक नाही, तीन आवाज आहेत, आणि तिघांचंही एकमेकांशी काही नातं नाही.

सकाळची खरखर सोमवारी गैरहजर. दोन्ही सोमवारी. बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की सोमवारी गाडी धुणारा मुलगा सुट्टी घेतो! बाकीचे दिवस तो पहाटे चाकांवर पाइप धरतो आणि तासाभरात मी निघते. हा प्रश्न तर सुटला.

दुसरा रिव्हर्सचा. फाटकाबाहेर उतार आहे, तिथे मागून एकदाच "कुईं" होतं. रोज. सोमवारीही.

तिसरा सिग्नलचा. हा पहिल्या दहा मिनिटांत कधीच येत नाही. गाडी तापल्यावर, वेग वीसच्या खाली आला आणि ब्रेक हलका धरला की येतो. जोरात दाबला तर थांबतो, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं.

काटोलहून परत आल्यावर चाकांजवळ हात नेला. पुढचं उजवं चहाच्या कपासारखं, डावं इस्त्रीसारखं. आता पुढे?

बुटीबोरी_शिफ्ट_बी

बाई, मी मेकॅनिकलवाला, ब्रेकच्या कंपनीत नाही पण गाडी स्वतः उघडतो. "जोरात दाबल्यावर थांबतो" यात चमत्कार काही नाही. एक विचारतो: फळ्यावर खडू किंचाळायचा तेव्हा तुम्ही काय करत होतात?

गणिताच्या बाई

खडू मोडून अर्धा करायचे. नाहीतर तिरपा धरायचे. चाळीस पोरं कानावर हात ठेवून बसलेली असायची.

बुटीबोरी_शिफ्ट_बी

तेच आहे बघा. खडू फळ्यावर सरळ घसरत नाही. चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सेकंदाला शेकडो वेळा. ब्रेकचा पॅडही डिस्कवर तसंच करतो, त्याहून भराभर, आणि डिस्क मोठी बिडाची थाळी असल्यामुळे वाजते. हलक्या दाबात पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, सैल असतो, थरथरायला मोकळा. जोरात दाबला की घट्ट बसतो आणि गप्प होतो. तुम्ही खडू तिरपा धरायच्या, कंपनीवाले पॅडच्या कडा तिरप्या कापतात. पॅडच्या पाठीवर पातळ पत्रा असतो, शिम म्हणतात, तो थरथर शोषतो. पॅड बदलताना बरेच मेकॅनिक हे शिम आणि बाजूच्या क्लिपा काढून कोपऱ्यात टाकतात आणि परत लावतच नाहीत. तुमचे पॅड आधी कधी बदलले असतील तर हे तपासाच.

पण तुमच्याकडे खरा धागा आहे तो गरम चाकाचा. या गाडीत कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोरानं सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. पिनेवरचं रबर फाटलं, आत पाणी गेलं, ग्रीस वाळलं की पिन अडकते. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि ब्रेक सोडल्यावरही पुरता मागे येत नाही. सतत घासतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. गुळगुळीत पॅड म्हणजे किंचाळी. माझा अंदाज, पिन घाटाच्या आधीपासूनच अडकत होती, घाटानं फक्त तिचं बिंग फोडलं.

हिंगणावाले काका बहुतेक पॅड घासून परत लावा म्हणतील. मी म्हणेन बदला. वरचा थर घासला तरी आतलं जळालेलं तसंच राहतं.

जाता जाता: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतला ओलावा पितं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी मुरल्यावर तोच १४० वर येतो. घाटात ते उकळलं तर नळीत वाफ होते आणि पेडल भुसकन खाली जातं. तुमचं गेलं नाही, हे नशीब. आवाजाशी याचा संबंध नाही, पण चिखलदऱ्यावरून जळका वास घेऊन आलेल्या माणसाला हे सांगणं भाग आहे.

हिंगणा_वर्कशॉप

पोरगा बरोबर बोलून राहिला, फक्त घासायच्या बाबतीत थोडं थांब बे. लायनिंग पाच-सहा मिलिमीटर असन अन् नुसती चमक आली असन तर पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड त्याच्यावर आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. चमक गेली, काम झालं. शंभर वेळा केलं आहे. पण चिरा गेल्या असन किंवा तीनवर आलं असन तर वादच नाही, बदलायचं.

बाई, हे तुम्ही स्वतः करू नका. करता येत नाही म्हणून नाही, एकट्यानं करू नये म्हणून. दुसऱ्या मेकॅनिककडं जा, स्टूल मागा अन् समोर बसा. इतकं पाहा:

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी हात घालत असन तर थांबवा. खाली घोडा, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी टेकू, लावू द्या, नसन तर काढलेलं चाक गाडीखाली सरकवू द्या. मागच्या चाकांले दगड.

कॅलिपर सोडल्यावर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधायचा. पिना दोन असते, वरची वर अन् खालची खाली, अदलाबदल नाही. त्यांले लावायचं ग्रीस सिलिकॉनचं. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगते अन् सहा महिन्यांत पुन्हा हेच. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे संगंच बदलायचे, एका बाजूचे नाही. डिस्कच्या अंगावर कमीत कमी जाडी किती चालते ते कोरलेलं असते. मोजल्याशिवाय डिस्क बदला म्हणू देऊ नका. तुम्ही गणिताच्या बाई, माप मागाच.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट. नवे पॅड टाकल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पाच-सात वेळा मारा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागं ढकललेला असते, पहिला ब्रेक सरळ तळाले जाते. यानं भिंतीले धडकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, गॅरेजच्याच भिंतीले.

गणिताच्या बाई

कालचा वृत्तान्त. जरा लांबेल.

दुसरा मेकॅनिक शोधला. कडुलिंबाखाली दुकान, दोन पोरं हाताखाली. मी म्हटलं, मला बसून बघायचं आहे. तो म्हणाला, बसा ना जी, आणि रिकामा ऑइलचा डबा पुढे केला. त्यावर पेपर घालून बसले. कंपासपेटीतली पट्टी मी घरूनच नेली होती.

डावं चाक काढलं. कॅलिपरची वरची पिन बोटानं सरकत होती, खालची जागची हलेना. पाना लावून, गोल फिरवून फिरवून बाहेर काढली तेव्हा तिच्या अंगावर गंजाची खपली आणि रबराला चीर. पॅड हातात घेतले. बाहेरचा सात मिलिमीटर. आतला तीन, तोही एका टोकाला. दुसऱ्या टोकाला चार. आणि गुळगुळीत इतका की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. उजव्या चाकाचे आतला-बाहेरचा दोन्ही सहा-सहा, पण तिथे एक शिम गायब. म्हणजे ३८ हजारांवर पॅड बदलले होते तेव्हा कुणीतरी ते कोपऱ्यात टाकलं असणार. बुटीबोरीच्या भाच्या, तुला पैकीच्या पैकी.

डिस्क त्यानं व्हर्नियरनं मोजल्या, मला आकडा वाचू दिला आणि डिस्कवर कोरलेला आकडा पुसून दाखवला. दोन्ही त्याच्या बऱ्याच वर. डावीवर तापल्याचे निळसर डाग होते, ते पेपरनं घासले. बदलल्या नाहीत. पायऱ्या दाखवून सोडवलेलं उदाहरण पाहून बरं वाटलं.

मागचे ड्रम उघडले तर मूठभर काळी भुकटी. लायनर चांगले. पोरगा हवेचा पाइप घेऊन आला तसं मी ओरडले; तो दचकला. मग ओल्या फडक्यानं पुसलं.

हिशेब: पॅडचा सेट १,६५०, पिनांचे रबर २५०, ग्रीसची पुडी ६०, ब्रेक ऑइल ३५०, मजुरी ७००. एकूण ३,०१०. पहिल्या गॅरेजच्या आकड्यातून वजा करा, ८,७९० उरतात. पण त्यांचं एक चुकलं नव्हतं: पॅड खरंच बदलायला हवे होते. तुम्ही लोक नसतात तर मी चिडून काहीच केलं नसतं आणि आतला पॅड काटोल रोडवर कधीतरी संपला असता.

सिग्नलची किंचाळी गेली. रिव्हर्सचं "कुईं" कमी आहे, पुरतं गेलं नाही. आणि आता एक नवीनच: ब्रेक लावल्यावर हलकी खसखस येते आणि ब्रेक थोडा कमी धरतो आहे असं वाटतं. घाबरू का?

हिंगणा_वर्कशॉप

नाही जी. नवे पॅड अजून डिस्कशी जुळले नाहीत, नव्या सुनेसारखं आहे. रविवारी भल्या पहाटे मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर जा. मागं कोणी नाही पाहून, पन्नासवरून दहापर्यंत मध्यम ब्रेकनं वेग उतरवा, पुरतं थांबायचं नाही. परत पन्नास, परत दहा. असं आठ-दहा वेळा, मधात जरा दम घेऊ देत. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता नुसतं फिरा, थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा छाप डिस्कवर उमटते अन् मग पेडल थरथरते.

रिव्हर्सचं राहू द्या. त्यानं कोणी मरत नाही.

अन् पुन्हा चिखलदऱ्याले जाल तेव्हा ज्या गियरनं चढल्या त्याच गियरनं उतरा. दुसरा म्हणजे दुसरा. इंजिन गुरगुरन, गुरगुरू द्या. ब्रेक लावायचा तर नीट दाबा अन् पूर्ण सोडा, पाय ठेवून बसू नका. आमचे मेळघाटातले ड्रायव्हर भरलेली गाडी अशीच उतरवायचे.

गणिताच्या बाई

रविवारी झालं. दहा वेळा, बोटांवर मोजून. सातव्या वेळेपासून ब्रेकचा धर बदललेला पायाला कळला. परत येऊन चाकांजवळ हात नेला: दोन्ही चहाचे कप. गाडी धुणाऱ्या मुलाला सांगितलं, बाबा, चाकांवर पाणी मारलंस तरी चालेल, मला आता कारण माहीत आहे.

तर्री_पोहे

काकू, काका, मी पण चाक उघडलं शेवटी. पॅडवर तेलाचा डाग अर्ध्यापर्यंत. दोन्ही बाजूचे बदलले. मिस्त्रीनं विचारलं हे कसं झालं, मी म्हटलं माहीत नाही.

हिंगणा_वर्कशॉप

चांगलं केलं. आता ज्या भावानं खोबरेल सोडलं, त्याची स्वतःची गाडी कोणती आहे ते विचार, अन् तिचंही चाक उघड.